मूठ आणि पोतं

आमच्याकडे 'टाटाला नेलंय' एवढंच म्हणतात. कुणाला काय झालंय ते त्यात सगळं आलं. कराडच्या एसटी स्टँडवर कुणी असं म्हणालं, की समोरचा माणूस पुढचं काही विचारत नाही. हातातली पिशवी खाली ठेवतो आणि जरा वेळ नुसता उभा राहतो.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टाटाला, मुंबईत परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात नेलं. वय ७६, घशाचा कॅन्सर. तपासण्या झाल्या आणि ३३ लाईट घ्यायचे ठरले. रेडिएशनला तिथं पेशंटपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे लाईटच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सुट्ट्या धरून जवळजवळ सात आठवडे. मावसबहीण होती, पण ती डोंबिवलीला, आणि त्या तब्येतीत आप्पांना रोज लोकलच्या गर्दीतून आणणं शक्य नव्हतं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटांची तिथं सोय होते असं कळलं. तिथं जागा होईपर्यंत चार रात्री आम्ही परळच्या फुटपाथवर काढल्या.

फुटपाथवर एक वेगळं गाव असतं. बिहारचे, बंगालचे, आसामचे, आपल्या बीड-नांदेडचे. खाली प्लॅस्टिकचा कागद, वर चादर, आणि उशाला फाईल. पैशाचं पाकीट कुठंही ठेवतील, पण फाईल उशाखालीच. सकाळी साडेसहाच्या सुमारास एक वयस्कर गृहस्थ दुधाची किटली घेऊन यायचे. दिवसभरात कुणी खिचडी, कुणी फळं, कुणी ताक आणून द्यायचं. मुंबई माणसाला उपाशी झोपू देत नाही असं म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, एक टेम्पो आला. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली दहा-बारा तरुण मुलं-मुली, मागं बॅनर. पाकिटात दोन केळी, बिस्किटांचा पुडा, पाण्याची बाटली. पाकीट देऊन झाल्यावर एक मुलगा मोबाईल धरून समोर उभा राहिला.

"काका, पाकीट जरा वर धरा."

आप्पांनी धरलं. गळ्यावर जांभळ्या शाईच्या खुणा होत्या, लाईट कुठं द्यायचा त्याच्या. त्या झाकाव्यात म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं टॉवेल ओढून घेतला.

"काका, वर बघा ना. इकडं."

हात वर होता, मान खाली. मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी मधे जाऊन उभा राहिलो. तो ओशाळला, "सॉरी" म्हणाला आणि पुढं गेला. त्या पोराचं मन वाईट नव्हतं. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, पदरचे पैसे घालून आला होता. पण आप्पांनी ती केळी खाल्ली नाहीत. शेजारच्या बाईच्या लहान मुलाला देऊन टाकली. रात्री दिवे मंद झाल्यावर, घसा दुखत असताना, हळू आवाजात मला म्हणाले, "मी मुष्टिफंडाचं खाऊन शिकलोय. चार वर्षं दुसऱ्याच्याच घरचं खाल्लं. तवा असं कधी वाटलं न्हवतं."

त्या एका वाक्याचा उलगडा करण्यात माझी पुढची कितीतरी वर्षं गेली.

मुष्टिफंड म्हणजे काय, हे साताऱ्याकडच्या माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवायची, एकत्र जेवायला बसवायची, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आणि शिकवायचं. पैसा नव्हता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक करत अंगावरचे दागिने मुलांच्या जेवणासाठी मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पण एका बाईच्या सोन्यावर किती मुलं किती दिवस जेवणार? मग मुष्टिफंड निघाला. घरातल्या बाईनं दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं, आणि बोर्डिंगच्या माणसांनी येऊन ते गोळा करून न्यायचं.

माझी आजी ती मूठ काढायची. जात्याच्या तोंडात पहिली मूठ घालायच्या आधी शेजारच्या गाडग्यात एक मूठ. तिला अक्षरओळख नव्हती. बोर्डिंग कसं असतं हे तिनं पाहिलं नव्हतं, आणि स्वतःचा मुलगा पुढं त्याच धान्यावर शिकेल असं तिच्या मनातही नव्हतं. तिच्या म्हातारपणी मी एकदा विचारलं, "दुष्काळाच्या साली काय करायचीस गं?" ती म्हणाली, "तूट असली की भाकरी ल्हान करायची. मूठ न्हाई."

गाडग्यातलं धान्य पोत्यात पडायचं. पाटलाच्या वाड्यातला शाळू, आमच्यासारख्या दोन एकरवाल्याचा जोंधळा, डोंगराकडची नाचणी, कुणाकडची बाजरी. महारवाड्यातली मूठ, मुलाण्याच्या घरची मूठ. एकदा पोत्यात पडल्यावर कुठला दाणा कुणाच्या घरचा ते देवालासुद्धा निवडता आलं नसतं. आप्पा सांगायचे, बोर्डिंगच्या भाकरीला कधी एक रंग नसायचा. कधी पांढरट, कधी हिरवट, कधी नाचणीमुळं तांबूस. ती भाकरी खाताना कुणाकडं बघून हात जोडायचे? जोडणार तरी कुणाला? शिवाय ती फुकटची नव्हती. पहाटे उठून पाणी भरायचं, भाजीचे वाफे खुरपायचे, पाळीनं भाकऱ्या थापायच्या. म्हणून आप्पा चार वर्षं परक्याचं खाऊन ताठ मानेनं बाहेर पडले, शिक्षक झाले, ३६ वर्षं शाळा केली. आणि ७६ व्या वर्षी दोन केळ्यांसाठी त्यांची मान वर झाली नाही.

इंग्रजीत दुसऱ्याला देण्यासाठी चॅरिटी आणि फिलान्थ्रॉपी असे दोन शब्द आहेत. पहिल्याच्या मुळाशी लॅटिनमधली माया आहे, दुसऱ्याच्या मुळाशी ग्रीकमधलं माणसावरचं प्रेम. मूळ दोन्हीकडं प्रेमच. पुढं वापरात त्यांची वाटणी झाली. समोर दिसलेल्या दुःखावर लगेच हात ठेवणं ही चॅरिटी, आणि ते दुःख जिथून येतं तिथंच विचारपूर्वक, पैसा लावून, संस्था उभारून काम करणं ही फिलान्थ्रॉपी. मराठीत मात्र दान, भिक्षा, शिधा, माधुकरी, वार, वर्गणी, देणगी, अन्नछत्र, पाणपोई, धर्मादाय असे पंचवीस शब्द सापडतील. पण या दोघांत नेमकी रेघ ओढणारी जोडी आपल्या बोलण्यात नाही. परोपकार म्हटलं की दोन्ही आलं. दारातला भिकारीसुद्धा 'धर्म करा' म्हणतो, पैसे द्या म्हणत नाही. सरकारी कार्यालयाचं नावही धर्मादाय आयुक्त. देण्याला आपण धर्म मानलं, आणि धर्मात लहान-मोठं कसं करायचं म्हणून बहुधा ती रेघ ओढलीच नाही.

ती रेघ आपल्याकडं स्पष्ट ओढली जमशेटजी टाटांनी. फाटक्याला कपडा, भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला औषध, याला त्यांनी ठिगळं लावण्याचा परोपकार म्हटलं. त्यामागच्या भावनेला मी कमी लेखत नाही असंही ते म्हणाले. पण देश पुढं जातो तो सगळ्यांत दुबळ्यांना टेकू दिल्यानं नाही, तर सगळ्यांत हुशार आणि गुणी माणसांना वर उचलल्यानं, असं त्यांचं म्हणणं. ते नुसतं बोलून थांबले नाहीत. १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी त्यांनी निधी काढला. यातली मला फार आवडलेली गोष्ट अशी की ती शिष्यवृत्ती दान नव्हती, कर्जाऊ होती. शिकून आलेला माणूस पैसे फेडायचा आणि त्यातून पुढचा जायचा. घेणारा कुणाच्या ओझ्याखाली राहत नव्हता.

पण त्यांच्या त्या विचारापुढं मी आप्पांना ठेवून बघतो तेव्हा अडखळतो. आप्पा सगळ्यांत दुबळे नव्हते आणि सगळ्यांत हुशारही नव्हते. चारचौघांसारखे होते. बोर्डिंगातली बहुतेक मुलं तशीच असणार. भाऊरावांनी कुणातलाही हिरा शोधला नाही, पोरगं दारात आलं की आत घेतलं. त्यातून प्राथमिक शिक्षक झाले, तलाठी झाले, सोसायटीचे सेक्रेटरी झाले. पश्चिम महाराष्ट्र जो काही उभा आहे तो या चारचौघांसारख्यांच्या खांद्यावर उभा आहे असं मला मनापासून वाटतं, आणि इथं मी जमशेटजींच्या बाजूला नाही.

आणि गंमत अशी नव्हे, तर मन भरून यावं अशी गोष्ट ही, की त्याच घराण्यानं उभारलेल्या इस्पितळात आजाऱ्याला औषध मिळण्यासाठी आप्पा रांगेत बसले होते. ते इस्पितळ कसं झालं हे मी तिथल्या बाकावर बसून बसून समजून घेतलं. जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी पुढच्याच वर्षी रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावानं ट्रस्ट केला आणि आपली सगळी मालमत्ताही स्वतःच्या नावाच्या दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली. त्यात मेहेरबाईंसाठी घेतलेला, कोहिनूरपेक्षाही मोठा जुबिली हिरा होता. १९३२ मध्येच दोराबजी गेले. त्या दुसऱ्या ट्रस्टनं परळला कॅन्सरचं इस्पितळ बांधलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हा ८० खाटा होत्या. १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ते ताब्यात घेतलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडं आहे.

म्हणजे विचारपूर्वक, दूरदृष्टीनं, देशासाठी केलेल्या एवढ्या मोठ्या कामाच्या तळाशीसुद्धा एका माणसानं आपल्या बायकोच्या उशाशी काढलेल्या रात्रीच आहेत. चेहरा नसलेलं प्रेम कुठून येणार? आधी एक चेहराच असतो.

किटलीवाल्या गृहस्थांबद्दल हेच झालं. ते दूध ओतायच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, "साखर घालू?" मधुमेहवाला आहे का, बाळ किती महिन्यांचं आहे, रात्री ताप होता का. आप्पांना गरम गिळवत नव्हतं, हे पहिल्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी ते वेगळ्या छोट्या थर्मासमध्ये कोमट दूध घेऊन आले. आप्पांनी वाटी पुढं केली आणि त्यांच्याकडं सरळ बघून म्हणाले, "बसा की घटकाभर." ते बसलेही. दोघं म्हातारे कोयनेच्या भूकंपाबद्दल बोलत होते. जाताना मी त्यांना विचारलं, तुम्ही रोज येता? म्हणाले, "बायको होती इथं. वरच्या मजल्यावर." आणि किटली उचलून पुढच्या माणसाकडं गेले. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे शुद्ध दान होतं. संस्था नाही, योजना नाही, दुखण्याच्या मुळावर काही इलाज नाही. ठिगळच म्हणा. पण त्या दुधापुढं आप्पांची मान खाली गेली नव्हती. त्यामुळं दान म्हणजे कमीपणा आणणारं आणि फिलान्थ्रॉपी म्हणजे मान राखणारी, अशी सोपी विभागणी मला करता येत नाही. पोत्यातल्या धान्यात देणाऱ्याचा चेहरा हरवलेला असतो म्हणून घेणाऱ्याला लाज वाटत नाही. किटलीवाल्यांचा चेहरा समोर होता, पण त्यांनी घेणाऱ्याचा चेहरा आधी पाहिला होता. त्या मोबाईलमध्ये मात्र देणारा आणि त्याचं पाकीट दिसणार होतं, आणि आप्पा त्यात पुराव्यासाठी हवे होते.

इस्पितळांतल्या, धर्मशाळांतल्या बाकांवर, पंख्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असतं. तरुणपणी मला त्याचा राग यायचा. एक पंखा दिला तर त्याच्या पात्यांवरसुद्धा नाव कशाला, असं वाटायचं. त्या सात आठवड्यांत मी ती नावं रात्री झोप येईना म्हणून वाचत पडायचो, आणि हळूहळू माझा राग गेला. ती नावं देणाऱ्यांची थोडीच होती. गेलेल्यांची होती. कुणाची आई, कुणाची तरणी मुलगी. मेलेल्या माणसापुढं मान झुकवायला कुणाला संकोच वाटत नाही.

धर्मशाळेत जागा मिळाली त्या दिवशी आप्पा खूश होते, पण दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी एक सुरू केलं. पहाटे उठायचे आणि आपल्या अंथरुणाभोवतीची, मग शेजारच्यांच्या अंथरुणाभोवतीची जमीन झाडून काढायचे. मी म्हणालो, "आप्पा, झाडणारे आहेत इथं, तुम्हाला दम लागतो." ते म्हणाले, "बाबांच्या घरात राहायचं आणि खराट्याला हात लावायचा न्हाई?"

गाडगेबाबांना त्यांनी लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं. 'गोपाला गोपाला' म्हणताना हजारो माणसं कशी एका श्वासात म्हणायची ते सांगताना त्यांचा बसलेला आवाजही वर चढायचा. बाबांची रीत सगळ्यांना माहीत आहे. गावात शिरलं की आधी खराटा चालवायचा, किंवा कुणाची लाकडं फोडून द्यायची, आणि मगच भाकरी मागायची. काम केल्याशिवाय खायचं नाही. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः फाटकी चिंधडी आणि डोक्यावर गाडगं, एवढ्यावर राहिले. त्यांची दशसूत्री नीट वाचली तर तिथं इंग्रजीतली ती रेघ कुठंच सापडत नाही. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, हे आहेच. त्याच दमात गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत आणि बेकारांना रोजगारही आहे. आणि शेवटी दुःखी आणि निराशांना हिंमत. हिंमत कुठल्या खात्यात टाकायची, दानाच्या की लोकहिताच्या?

पंढरपूरला त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. कारण विठ्ठलाच्या दारापर्यंत चालत आलेल्या माणसाला रात्री अंग टाकायला जागा मिळत नव्हती. ती १९४९ मध्ये त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. आज रात्री कुठं झोपायचं हा प्रश्न सोडवायला बांधलेल्या भिंतींनी पुढच्या पिढीचा प्रश्न हातात घेतला. भिंती त्याच. मला दान आणि फिलान्थ्रॉपी यांतलं नातं कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगत नाही, ही गोष्ट सांगतो. पुढं १९५६ च्या डिसेंबरात चौदा दिवसांच्या अंतरानं दोघंही गेले.

परळमध्येच टाटासमोर केईएम इस्पितळ आहे, आणि त्याला जोडून शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. त्या शेठजींच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट घातली होती की इथं शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. इंग्रजी अमदानीत वरच्या जागा इंग्रज डॉक्टरांना जायच्या, त्या काळात. इमारत तर सगळेच देतात. पण देणगीच्या जोरावर आपल्या माणसांना खुर्चीवर बसवणं, याला मी खरी बुद्धीची देणगी म्हणेन. तसाच आपला पैसा फंड. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करायचं मनावर घेतलं, टिळकांनी पाठिंबा दिला, आणि त्या पैशा-पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथं शिकलेली माणसं पुढं ठिकठिकाणी काचकामात गेली. फिलान्थ्रॉपी श्रीमंतांनीच करायची असते हा समज कुठून आला कळत नाही. आमच्याकडं ती एका पैशाची आणि एका मुठीचीही झाली आहे.

आता काळ बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, आणि सीएसआर हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. शाळांना संगणक आले, पाण्याच्या टाक्या आल्या, चांगली कामं झाली. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असाही नियम आहे; तो प्रत्येकाला माहीत असायला हवा, कारण तिथं हात पसरायचा नसतो, कागद दाखवून मागायचं असतं. माझं दुखणं एका शब्दाशी आहे, 'लाभार्थी'. माझ्या आजीच्या तोंडी बोर्डिंगच्या मुलांसाठी 'आपली पोरं' याखेरीज शब्द नव्हता. अहवालात आकडा लिहावा लागतो हे मला समजतं, मी स्वतः एका संस्थेचे हिशेब लिहितो. पण लाभार्थी म्हटलं की देणारा आणि घेणारा यांच्यात टेबल येतं, आणि मग त्या टेबलापलीकडून कुणीतरी म्हणतं, काका, वर बघा.

३३ लाईट पूर्ण झाले. आप्पा बरे झाले, पुढं चार वर्षं जगले. भाकरी कोरडी खाता यायची नाही, दुधात कुस्करून खायचे. त्या दसऱ्याला आईला म्हणाले, "रोज दळणातली एक मूठ काढून ठेव." आमच्याकडं आता जातं नाही, गिरणीतून पीठ येतं. तरी दळण निवडताना आई कणगीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात एकेक मूठ टाकत राहिली. वर्षभरात २५ किलोच्या आसपास साठलं. आता न्यायला कोण येणार? आई म्हणाली देवळात देऊ. आप्पा नको म्हणाले. पोतं शिवलं आणि आम्ही दोघं एसटीनं साताऱ्याला एका वसतिगृहात गेलो.

ऑफिसात एक तरुण क्लार्क होता. चांगला होता, आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "काका, रोख द्या ना. धान्याची नोंद कुठल्या खात्यावर करू? शिवाय पावतीवर देणाऱ्याचं नाव लागतं."

"नाव नगं लिहू," आप्पा म्हणाले.

"नावाशिवाय पावती होत नाही हो."

"मग पावती नगं."

तो पेन हातात धरून माझ्याकडं बघायला लागला. एवढ्यात आतून स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी पोत्याची शिवण उसवली, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि एक दाणा दाताखाली धरला.

"शाळू हाय न्हवं?"

"मालदांडी," आप्पा म्हणाले.

"घरचा?"

"घरचा."

"उद्या पोरास्नी याच्याच भाकऱ्या करते," मावशी म्हणाल्या आणि क्लार्ककडं वळल्या. "धरा की ओ एक बाजू, का म्हाताऱ्याला लावताय?"

त्यानं पेन खिशाला अडकवलं आणि खाली वाकून पोत्याचं एक टोक धरलं.